संयुग ६७/२० : लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतील गर्भनिरोधक संशोधनाची वाटचाल

केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते १७ फेब्रुवारी १९५१ रोजी झाले, ते लखनौच्या छत्तर मंझिलमध्ये. गोमतीच्या काठची ही इमारत अवधच्या नवाबांची. गाजीउद्दीन हैदर याने ती बांधायला घेतली आणि त्याचा मुलगा नसीरुद्दीन हैदर याच्या कारकिर्दीत ती पुरी झाली. घुमटावर छत्री आहे, म्हणून छत्तर मंझिल. १८५७ नंतर इंग्रजांनी तिथे आपला क्लब थाटला आणि स्वातंत्र्यानंतर तिथे रसायनशास्त्रज्ञ, जीवशास्त्रज्ञ, उंदीर, माकडे आणि काचेची भांडी राहायला आली. राजवाडा म्हणून वास्तू देखणी असेल, पण प्रयोगशाळा म्हणून ती सोयीची मुळीच नव्हती. दिवाणखान्याची उंची आणि भिंतींची जाडी ज्यांच्यासाठी ठरवली होती, त्यांना विषारी वायू बाहेर काढणाऱ्या पंख्यांची गरज नव्हती. तरीही संस्थेने इथे साठ वर्षे काढली. आज ती सीतापूर रस्त्यावर जानकीपुरम विस्तारातल्या नव्या संकुलात आहे, पण या लेखात ज्या कामाची हकिगत सांगायची आहे ते जवळजवळ सगळे जुन्या वास्तूतले आहे.

पहिले संचालक सर एडवर्ड मेलानबी. मुडदूस आणि आहार यांचा संबंध प्रयोगाने दाखवून देणारे हे इंग्रज शास्त्रज्ञ निवृत्तीनंतर इथे आले आणि वर्षभर थांबून घडी बसवून गेले. त्यांच्यानंतर बिष्णुपद मुखर्जी आणि मग मनोहरलाल धर. संस्था उभारली गेली ती हिवताप, क्षय, कॉलरा, हत्तीरोग अशा आजारांसाठी. गर्भनिरोधक हा विषय मागाहून आला, आणि तो सरकारच्या दारातून आला.

१९५२ साली भारताने कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम हाती घेतला. असे करणारा हा जगातला पहिला देश. पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी ६५ लाख रुपयांची तरतूद होती. मराठी वाचकाला इथे र. धों. कर्वे आठवल्यावाचून राहणार नाहीत. मुंबईत १९२१ सालीच त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले होते, आणि त्यापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गमावली होती. ‘समाजस्वास्थ्य’ त्यांनी १९२७ पासून अखेरपर्यंत पदरमोड करून चालवले. कर्व्यांच्या हयातीतच सरकारला त्यांचे म्हणणे पटले, पण साधने मात्र तीच जुनी राहिली : रबरी टोपी, फेस येणाऱ्या गोळ्या, निरोध, शस्त्रक्रिया. १९६० साली अमेरिकेत ‘इनोव्हिड’ या गोळीला मान्यता मिळाली आणि जगाचे चित्र बदलले. आपल्याकडे मात्र तिचे स्वागत हात राखून झाले. त्या वेळच्या गोळ्यांत संप्रेरकांची मात्रा आजच्यापेक्षा कितीतरी अधिक होती. रक्ताच्या गुठळ्या होण्याचे प्रकार साठच्या दशकातच उजेडात येऊ लागले होते. शिवाय गोळी रोज, न चुकता घ्यायची. ज्या बाईला दिवसभरात स्वतःसाठी पाच मिनिटे मिळत नाहीत, तिच्या हातात २१ गोळ्यांचे पाकीट देऊन योजना यशस्वी होईल असे मानणे भाबडेपणाचे होते.

यातूनच लखनौच्या अंतःस्रावशास्त्र विभागापुढचा प्रश्न आकाराला आला. अंडाशयाचे काम बंद न पाडता, स्टेरॉइडच्या वाटेला न जाता, गर्भधारणा तेवढी रोखता येईल का? विभागाचे प्रमुख अमियभूषण कर. त्यांच्या हाताखाली वेदप्रकाश कांबोज, बी. एस. सेट्टी आणि इतर. कांबोज पुढे संस्थेचे संचालकही झाले. रसायनाची बाजू नित्यानंद यांच्याकडे.

नित्यानंदांविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण त्यांच्या घडणीत मुंबईचा वाटा आहे. १ जानेवारी १९२५ चा जन्म, लायलपूरचा. शिक्षण लाहोर आणि दिल्ली येथे. त्यानंतर मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, म्हणजे माटुंग्याच्या आपल्या ‘यूडीसीटी’त, के. वेंकटरामन यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. हेच वेंकटरामन पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईहून नित्यानंद केंब्रिजला लॉर्ड टॉड यांच्याकडे गेले, तिथे दुसरी पीएच.डी. मिळवली, आणि १९५१ मध्ये नुकत्याच उघडलेल्या लखनौच्या संस्थेत रुजू झाले ते कायमचे. १९७४ ते १९८४ ते संचालक होते. जानेवारी २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा वयाची ९९ वर्षे पूर्ण झाली होती. वेंकटरामन यांची ख्याती रंगद्रव्यांच्या आणि वनस्पतींतल्या फ्लॅव्होनॉइडांच्या रसायनाची. ऑक्सिजन असलेली कडी बांधण्यात त्यांच्या शिष्यांचा हात बसलेला होता. लखनौत पुढे तयार झालेल्या सेंटक्रोमन या गर्भनिरोधक रेणूच्या गाभ्याशीही असेच एक कडे आहे. हा निव्वळ योगायोग आहे, असे मला वाटत नाही.

संशोधनाला दोन वाटा होत्या. एक वनस्पतींची. धर यांच्या काळात संस्थेने देशभरातल्या वनस्पतींचे अर्क पद्धतशीर तपासायला घेतले. त्याचा पहिला मोठा अहवाल १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. गर्भरोधक गुण हा त्या तपासणीतला एक रकाना होता. लोकांत आणि ग्रंथांत ज्यांचा बोलबाला, अशा पुष्कळ वनस्पती प्रयोगात निष्प्रभ ठरल्या. काहींचा गुण उंदरात दिसला, पण तो एका अर्कात असे आणि दुसऱ्यात नसे. बनारसच्या प्रयोगांत जास्वंदीच्या फुलांच्या अर्काने उंदरांमध्ये गर्भ रोखला होता. तेही तिथेच थांबले. ही वाट चुकीची होती असे नाही, पण तिच्यातून हाती गोळी आली नाही.

दुसरी वाट संश्लेषणाची. इस्ट्रोजेन हे संप्रेरक गर्भाशयाच्या पेशींतल्या ठरावीक जागी जाऊन बसते आणि मगच त्याचे काम सुरू होते, हे त्या सुमारास नव्याने कळत होते. ती जागा दुसऱ्याच कोणी अडवली तर? एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसा एखादा रेणू तिथे आधीच बसवता आला, तर इस्ट्रोजेन रक्तात असूनही गर्भाशयापुरते निरुपयोगी ठरेल. अशा इस्ट्रोजेनविरोधी रेणूंचा शोध अमेरिकेत आणि इंग्लंडमध्येही चालू होता. इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने १९६२ साली बनवलेला एक रेणू उंदरांमध्ये उत्तम गर्भरोधक ठरला, पण स्त्रियांना दिल्यावर त्याने उलट बीजनिर्मितीला चालना दिली. तोच रेणू टॅमॉक्सिफेन या नावाने पुढे स्तनाच्या कर्करोगावरचे प्रमुख औषध झाला. अमेरिकेतल्या क्लोमिफेनचीही हीच गत. ते आज मूल होण्यासाठी देतात. गर्भ रोखायला निघालेल्या औषधांची अशी उलटी वरात निघालेली पाहून बऱ्याच कंपन्यांनी हा नाद सोडला. उंदीर वेगळा आणि बाई वेगळी, हा धडा सगळ्यांनाच मिळाला होता. लखनौच्या मंडळींनी नाद सोडला नाही. सरकारी संस्थेला नफ्याचा हिशेब द्यायचा नसतो, याचा फायदा कधी कधी असाही होतो.

त्या काळी विभागात रोज काय चालत असे, हे सांगितल्याशिवाय या इतिहासाला अर्थ नाही. उंदीर नर-मादी रात्री एका पिंजऱ्यात ठेवायचे. सकाळी प्रत्येक मादीच्या योनीतला स्राव थेंबभर काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. शुक्राणू दिसले की तो गर्भधारणेचा पहिला दिवस. पहिल्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंत नवे संयुग तोंडावाटे द्यायचे. दहाव्या दिवशी पोट उघडून पाहायचे. उंदराच्या गर्भाशयाला दोन लांब शाखा असतात. गर्भ रुजलेला असेल तिथे ठरावीक अंतरावर फुगवटे दिसतात. ते मोजायचे. मग अंडाशयावरचे पिवळसर पुंज मोजायचे, कारण जितकी बीजे सुटली तितके पुंज तिथे उरतात. पुंज दहा आणि फुगवटे दहा, तर संयुग बाद.   पुंज दहा आणि फुगवटा एकही नाही, असे दिसले की खालच्या मजल्यावरच्या रसायनवाल्यांना निरोप द्यायचा. एकेका संयुगासाठी हे सगळे वेगवेगळ्या मात्रांत पुन्हा पुन्हा करायचे. यात प्रतिभेचा भाग थोडा. सकाळी वेळेवर येऊन काचपट्ट्या पाहणाऱ्या तंत्रज्ञांचा भाग मोठा. संशोधननिबंधावर त्यांची नावे क्वचित येतात.

नित्यानंद आणि सुप्रभात राय यांच्या गटाने रेणूची मूळ चौकट घेऊन तिचे हातपाय बदलत नेले. बेंझिनची कडी कुठे जोडायची, ती मोकळी ठेवायची की ऑक्सिजनच्या कड्यात बांधून टाकायची, टोकाला कोणता नायट्रोजनयुक्त गट लावायचा, असे एकेक बदल आणि प्रत्येक बदलासाठी वरच्या उंदरांची फेरी. या मालिकेत १९६७ चे विसावे संयुग पुढे आले. संस्थेच्या नोंदीत त्याचा क्रमांक ६७/२०. संस्थेच्या नावातला ‘सेंट्रल’ आणि रेणूच्या गाभ्यातले ‘क्रोमन’ कडे मिळून त्याचे सेंटक्रोमन झाले. आंतरराष्ट्रीय नामावलीत ते ऑर्मेलॉक्सिफेन. या रसायनमालिकेचा निबंध १९७६ साली अमेरिकेतल्या औषधी रसायनशास्त्राच्या प्रतिष्ठित नियतकालिकात आला, तेव्हा तो ‘गर्भरोधक संयुगे’ या मालेतला बारावा होता. आधीच्या अकरांविषयी आज कोणी बोलत नाही. ते नसते तर बारावाही नसता.

६७/२० चे वैशिष्ट्य असे की स्त्रियांमध्येही ते उंदरातल्यासारखेच वागले. बीज वेळेवर सुटते, पाळीचे चक्र चालू राहते, मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीच्या कामात ढवळाढवळ होत नाही. फक्त फलित बीज आणि गर्भाशय यांची वेळ जुळत नाही. बीज नळीतून जरा लवकर खाली येते आणि गर्भाशयाचे अस्तर मात्र त्याला रुजवून घ्यायला तयार नसते. बीज रुजत नाही, आणि पाळी येते. हाडांवर हाच रेणू इस्ट्रोजेनच्या बाजूने काम करतो आणि गर्भाशयात, स्तनात विरुद्ध बाजूने. एकाच रेणूचे असे दुहेरी वागणे पुढे औषधशास्त्रात मोठा विषय झाला. साठच्या दशकात त्याला नीट नावही नव्हते.

रेणू १९६७ चा आणि गोळी बाजारात आली १९९१ मध्ये. मधली चोवीस वर्षे कुठे गेली, असा प्रश्न संस्थेला नेहमी विचारला जातो, आणि बहुतेक वेळा त्यात सरकारी दिरंगाईचा टोमणा असतो. दिरंगाई नव्हती असे म्हणायचे नाही. पण गर्भनिरोधक हे इतर औषधांसारखे नव्हे. न्यूमोनियाचा रोगी औषधाचा थोडा त्रास सोसतो, कारण रोग त्याहून वाईट असतो. गर्भनिरोधक घेणारी बाई धडधाकट असते, आणि वर्षानुवर्षे घेते. थॅलिडोमाइड या औषधाने युरोपात हजारो बाळांना जन्मतः व्यंग दिल्याला तेव्हा फार काळ लोटला नव्हता. त्यामुळे उंदरांच्या जोडीला माकडांवर दीर्घकाळच्या विषारीपणाच्या चाचण्या झाल्या. गोळी बंद केल्यावर गर्भ राहतो का, राहिला तर पिल्लू निकोप असते का, आईच्या दुधात औषध किती उतरते, हे सगळे पाहिले गेले. सत्तरच्या दशकात स्त्रियांवरच्या चाचण्या सुरू झाल्या आणि टप्प्याटप्प्याने देशातल्या अनेक केंद्रांवर गेल्या.

मात्रेचा प्रश्नही सहज सुटला नाही. सुरुवातीला विचार होता तो संबंधानंतर घ्यायच्या ६० मिलिग्रॅमच्या गोळीचा. म्हणजे दर वेळी आठवण ठेवायची. पुढे लक्षात आले की हा रेणू शरीरातून फार सावकाश जातो. रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे आठवडा लागतो. मग आठवड्यातून एकदाच ३० मिलिग्रॅम का नको? पण आठवड्याच्या गोळीत पहिल्या काही महिन्यांत गर्भ राहण्याचे प्रमाण जास्त दिसले, कारण तोवर शरीरात औषधाचा पुरेसा साठा झालेला नसे. म्हणून पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा, असा क्रम ठरला. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी. तो रविवार असेल तर तीन महिने रविवार आणि बुधवार, पुढे फक्त रविवार. सोमवार असेल तर सोमवार-गुरुवार, पुढे फक्त सोमवार. आपल्याकडे उपासतापास वारांवरच चालतात. वार लक्षात ठेवणे कुणाला शिकवावे लागत नाही. नियमित घेतली तर वर्षभरात शंभर स्त्रियांपैकी एका-दोघींना गर्भ राहतो. रोजच्या गोळीपेक्षा हे थोडे जास्त, पण मळमळ, वजन वाढणे, रक्ताच्या गुठळ्यांची धास्ती या तक्रारी नाहीत. स्टेरॉइड नसलेली, नियमित घ्यायची अशी दुसरी गर्भनिरोधक गोळी आजही बाजारात नाही.

हिंदुस्थान लॅटेक्स या सरकारी कंपनीने ती ‘सहेली’ नावाने आणली. अहमदाबादच्या टोरेंटने ‘सेंट्रॉन’ नावाने. निरोध बनवण्यासाठी १९६६ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान लॅटेक्सचा एक कारखाना बेळगाव जिल्ह्यात कणगला येथे, निपाणी-संकेश्वरच्या पट्ट्यात आहे. गोळ्यांचे उत्पादन तिथे होते. कोल्हापूरकडून बेळगावला जाणाऱ्या किती मराठी माणसांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

ज्या काळात गोळी तयार होत होती, त्या काळाचे सावटही तिच्यावर होते. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या बहुतेक पुरुषांच्या, आणि पुष्कळ जबरदस्तीच्या. त्यानंतर पुरुषांचे नाव घ्यायची कोणत्याही सरकारची छाती झाली नाही. सगळा भार बायकांवर आला. ऐंशीच्या दशकात नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचण्यांविरुद्ध हैदराबादची स्त्री शक्ती संघटना आणि दिल्लीची ‘सहेली’ ही स्त्रियांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. चाचणीत सहभागी बाईला नेमके काय सांगितले जाते, दूरगामी परिणामांचे काय, हे त्यांचे प्रश्न होते. पाच वर्षांनी सरकारी कंपनीने गोळीला तेच नाव द्यावे, हा विनोद म्हणायचा की अनवधान, हे वाचकाने ठरवावे. असे प्रश्न सेंटक्रोमनलाही विचारले गेले. ते विचारले जाणे योग्यच होते. मोठ्या संख्येच्या स्त्रियांवर दीर्घकाळ ठेवलेली बाजारोत्तर नोंद हा या औषधाच्या इतिहासातला कच्चा दुवा आहे, आणि संस्थेच्या स्मरणिकेत तो झाकून ठेवण्याचे कारण नाही.

याच विभागातून बाहेर पडलेल्या दोन गोष्टी सहेलीच्या प्रकाशात झाकोळल्या गेल्या. १९७१ मध्ये गर्भपाताचा कायदा झाला. त्याची शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. कायदा झाला, पण शस्त्रक्रियेपूर्वी गर्भाशयाचे तोंड हळूहळू उघडण्यासाठी जगभर समुद्री शेवाळाच्या वाळवलेल्या कांड्या वापरत, आणि त्या परदेशातून येत. लखनौच्या शास्त्रज्ञांनी त्याऐवजी इसबगोलाचा भुसा घेतला. पोट साफ व्हावे म्हणून आपण रात्री पाण्यातून घेतो तोच. ओलावा मिळाला की तो फुगतो, ही त्याची सवय सर्वांना माहीत. त्याची दाबून केलेली बारीक कांडी गर्भाशयाच्या तोंडात ठेवली की काही तासांत ते अलगद मोकळे होते. धातूच्या सळयांनी जोर लावून उघडावे लागत नाही. हे ‘इसाप्टेंट’ १९८० च्या सुमारास पुढे आले. स्वस्त, देशी, आणि थेट कामाचे. माझ्या मते उपयुक्ततेच्या मापाने ते सेंटक्रोमनच्या फार मागे नाही, फक्त त्यात रेणूचा थाट नाही.

दुसरी गोष्ट रिठ्याची. रिठ्यातल्या फेस आणणाऱ्या सॅपोनिनांपासून ‘कॉनसॅप’ हे शुक्राणुनाशक मलम तयार झाले. ही सॅपोनिने शुक्राणूंचे बाह्य आवरण फोडतात. मात्र २००० साली नॉनऑक्सिनॉल-९ या जगभर वापरल्या जाणाऱ्या शुक्राणुनाशकाने एचआयव्हीचा धोका कमी होण्याऐवजी वाढतो, असे आफ्रिकेतल्या चाचणीत निघाले. फेस आणणारी द्रव्ये शुक्राणूंबरोबर योनीच्या नाजूक अस्तरालाही इजा करतात. तेव्हापासून संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ फेस न आणणाऱ्या, पण शुक्राणूंना निकामी करणाऱ्या संयुगांकडे वळले, आणि त्यातली काही योनीच्या संसर्गावरही चालतात असे त्यांनी दाखवले. ती अजून दुकानात आलेली नाहीत.

सेंटक्रोमनची पुढची कहाणी परदेशातूनही गेली. त्याचे उजवे आणि डावे असे दोन आरसेरूप रेणू असतात. त्यातला डावा इस्ट्रोजेनच्या जागेला अधिक घट्ट चिकटतो. डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीने तो एकटा घेऊन पाळी गेलेल्या स्त्रियांच्या हाडांच्या ठिसूळपणावर चाचण्या केल्या, आणि गर्भाशयाच्या तक्रारींमुळे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सोडून दिल्या. देशात मात्र मूळ औषध गर्भनिरोधनापलीकडे गेले. पाळीत अतोनात रक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांना स्त्रीरोगतज्ज्ञ ते ६० मिलिग्रॅमच्या मात्रेत सर्रास देतात. अनेक डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते याच कामासाठी येते. ज्या रेणूकडून पाळी जशीच्या तशी राहावी ही अपेक्षा होती, तो बिघडलेली पाळी दुरुस्त करायला लागला.

१९९५ मध्ये गोळी राष्ट्रीय कार्यक्रमात आली. २०१६ नंतर तिचे नाव ‘छाया’ झाले, आणि आज ती सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे फुकट मिळते, आठ गोळ्यांच्या पाकिटात. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती, सगळ्या प्रकारच्या गोळ्या मिळून ५.१ टक्के, आणि पुरुषांची नसबंदी ०.३ टक्के. महाराष्ट्रात शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया जवळपास निम्म्या. म्हणजे दोन मुलांनंतर एकदाचे ऑपरेशन उरकून टाकणे हेच आपले कुटुंबनियोजन. त्याआधीची, दोन मुलांमध्ये अंतर ठेवण्याची वर्षे बाईने कशी काढायची, याचे उत्तर लखनौने तीस वर्षांपूर्वी दिले आहे. ते घ्यायला व्यवस्था तयार नव्हती.

कारणे शोधायला फार लांब जायला नको. या गोळीने सुमारे आठ टक्के स्त्रियांची पाळी लांबते, बहुधा पहिल्या काही महिन्यांत. औषधाच्या दृष्टीने ही किरकोळ बाब. पण गोळी घेणाऱ्या बाईच्या दृष्टीने पाळी लांबणे म्हणजे एकच अर्थ. ती घाबरते, घरात बोलणी खाते, गोळी टाकून देते, आणि शेजारणीला सांगते की ही चालत नाही. प्रयोगशाळेने चोवीस वर्षे तपासलेल्या रेणूचा निकाल असा अर्ध्या तासात लागतो.

म्हणून हा लेख वाचणाऱ्या डॉक्टरांना, परिचारिकांना आणि आशाताईंना एक विनंती. पाकीट हातात देताना वार समजावून सांगा, पहिल्या तीन महिन्यांतली दुसरी गोळी चुकवू नका असे बजावा, अंडाशयात गाठींचा त्रास असलेल्या किंवा नुकतीच कावीळ होऊन गेलेल्या बाईला ही गोळी देऊ नका. आणि पाळी लांबू शकते, लांबली तर घाबरायचे नाही, आठवडाभराहून जास्त लांबली तर येऊन तपासून घ्यायचे, हे तिला आधी सांगा. शक्य असेल तर तिच्या नवऱ्यालाही.